कोड सगळ्यांचा, नाव एकाचे

२००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयात, न्यायाधीश पॅटी सॅरिस यांच्यापुढे एक वाद सुनावणीला आला. एका बाजूला प्रोग्रेस सॉफ्टवेअर ही अमेरिकी कंपनी आणि तिची न्यूस्फिअर ही उपकंपनी, दुसऱ्या बाजूला मायएसक्यूएल एबी ही छोटी स्वीडिश कंपनी. मायएसक्यूएल हा डेटाबेस २००० साली जीपीएल परवान्याखाली खुला झाला होता. कोणीही तो उतरवून घ्यावा, वाचावा, बदलावा, हवा तर विकावा; अट एवढीच की त्यावर उभारलेले जे काही तुम्ही दुसऱ्याला द्याल, त्याचा स्रोतकोडही त्याच परवान्याने द्यायचा. न्यूस्फिअरने आपला जेमिनी हा भाग त्याला जोडला, स्रोतकोड न देता तो बाजारात आणला आणि वर ‘मायएसक्यूएल डॉट ऑर्ग’ या पत्त्यावर आपले संकेतस्थळ थाटले. स्वीडिश कंपनीची तक्रार दुहेरी होती : परवाना मोडला आणि नाव वापरले. तंत्रज्ञांचे लक्ष पहिल्या तक्रारीकडे लागले होते, कारण जीपीएलचा अमेरिकी न्यायालयात कस लागण्याचे प्रसंग तोवर जवळजवळ आलेच नव्हते. परवान्याच्या मुद्द्यावर मायएसक्यूएलची बाजू अधिक सबळ दिसते, पण भरून न येणारे नुकसान सिद्ध झालेले नाही, असे म्हणून न्यायाधीशांनी मनाई हुकूम नाकारला. नावाच्या मुद्द्यावर मात्र मनाई तिथल्या तिथे मिळाली.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या गेल्या तीस वर्षांतील व्यापारी भांडणे ओळीने पाहिली, तर हाच फरक पुन्हा पुन्हा समोर येतो. भांडण कोडवरून सुरू झाल्यासारखे दिसते आणि नावापाशी येऊन थांबते. याचे कारण साधे आहे. कोड देऊन टाकल्यावर तो परत घेता येत नाही. एकदा खुल्या परवान्याने प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीवर सगळ्यांचा हक्क कायम राहतो. नाव मात्र कोणी देऊन टाकलेले नसते. ही गोष्ट नजरचुकीने तशी राहिलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेल्या बीएसडी परवान्यात, विद्यापीठाच्या नावाचा वापर आपल्या मालाच्या भलामणीसाठी करू नये, असे स्पष्ट कलम होते. डेबियन या लिनक्स वितरणाने १९९७ साली मुक्त सॉफ्टवेअरचे जे निकष ठरवले, त्यात बदललेल्या आवृत्तीने वेगळे नाव घ्यावे अशी अट घालायला मुभा ठेवली होती. २००४ च्या अपाचे परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तर नाव आणि चिन्हे यांचा हक्क या परवान्याने मिळत नाही, असे स्वतंत्र कलमच आहे. म्हणजे वाटून घेण्याची ही रीत ज्यांनी घडवली, त्यांनीच नाव वाटणीबाहेर ठेवले. एवढ्या मोठ्या उदारतेत उरलेली एकमेव मालमत्ता कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न त्यामुळे पहिल्या दिवसापासून उभा होता. माझ्या मते इतिहासाने त्याचे पुरेसे स्पष्ट उत्तर दिले आहे : जो त्या नावावर माल विकतो, त्याच्या हाती ते एकट्याने असू नये.

यावर पहिला आक्षेप मुळापासूनच येतो. कोड सगळ्यांचा आहे तर नावालाही मालक कशाला? लिनक्सच्या बाबतीत हा प्रयोग नकळत होऊन गेला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा पैसे घेऊन ती वाटायला त्यांनी बंदी घातली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी ती बंदी उठवून जीपीएल स्वीकारला, आणि लिनक्सवर व्यवसाय उभे राहू लागले. नावाची नोंदणी करण्याचे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही. १९९४ साली बोस्टन परिसरातील एका गृहस्थाने ‘लिनक्स’ या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला, पुढच्या वर्षी नोंदणी मिळवली, आणि १९९६ मध्ये लिनक्सवर व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांना पत्रे पाठवून उत्पन्नातला वाटा मागायला सुरुवात केली. त्या गृहस्थांचा लिनक्स घडवण्याशी काही संबंध नव्हता. टोरवाल्ड्स आणि काही कंपन्या, ‘लिनक्स जर्नल’च्या प्रकाशकांसह, नोंदणी रद्द करून घ्यायला एकत्र आल्या आणि १९९७ साली तडजोड होऊन नाव टोरवाल्ड्स यांच्याकडे आले. बेवारस ठेवलेले नाव बेवारस राहत नाही, जो आधी कचेरीत पोचतो त्याचे होते, हे त्या तीन वर्षांनी दाखवून दिले. मुक्ततेचा सर्वांत कडवा पुरस्कार करणाऱ्या डेबियननेही स्वतःचे नाव नोंदवून ते सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या ना-नफा संस्थेकडे ठेवले आहे, ते याच शहाणपणातून.

नावाला मालक हवा यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वापरणाऱ्याचा भरवसा. ज्याला स्रोतकोड वाचता येत नाही, त्याच्यापाशी खरे-खोटे पारखायला नावाखेरीज दुसरे साधन नसते. मोझिला फाउंडेशनने फायरफॉक्सचे नाव जपायला कंबर कसली ती या भूमिकेतून, आणि त्या नावासाठी स्वतःही किंमत मोजून झाली होती : त्यांचा ब्राउझर आधी फिनिक्स होता, मग फायरबर्ड झाला आणि दोन्ही नावांवर दुसऱ्यांचा दावा निघाल्यावर २००४ मध्ये फायरफॉक्स झाला. डेबियनशी त्यांचा खटका उडाला तो त्यानंतर. जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या स्वतः करून ती वर्षानुवर्षे चालवायची, ही डेबियनची पद्धत. आमचे नाव लावायचे तर दुरुस्त्या आम्हाला दाखवा आणि आमचे बोधचिन्हही वापरा, हे मोझिलाचे म्हणणे. आणि त्या बोधचिन्हाचा परवाना डेबियनच्या निकषांत बसत नव्हता. २००६ साली डेबियनने नावच बदलले. तोच ब्राउझर पुढची दहा वर्षे डेबियनवर ‘आइसवीझल’ म्हणून चालला, आणि २०१६ मध्ये डेबियनच्या दुरुस्त्यांनी दर्जा बिघडत नाही हे मोझिलाने मान्य केल्यावर फायरफॉक्स हे नाव परतले. या वादात कोणीही कोणाला न्यायालयात खेचले नाही. दोन्ही बाजूंना नावावरून नफा काढायचा नव्हता, म्हणून तो इतक्या सभ्यपणे चालू शकला असे मला वाटते. पुढे जे वाद झाले त्यांत हा शांतपणा क्वचित दिसतो.

नावावर व्यवसाय कसा उभा राहतो, हे सर्वांत आधी आणि सर्वांत नीट ओळखले ते रेड हॅटने. १९९० च्या दशकात रेड हॅटची तबकडी जशीच्या तशी छापून काही डॉलरांत विकणारे दुकानदार होते, आणि परवान्याने त्यांना तो हक्क होता. कंपनीने तो हक्क अडवला नाही; मात्र त्या तबकडीवर ‘रेड हॅट’ हे शब्द छापू दिले नाहीत. पुढे बँका, शेअरबाजार, सरकारी खाती यांना लागणारे खात्रीचे लिनक्स विकून कंपनी मोठी झाली, तेव्हा २००४ मध्ये सेंटओएस हे वितरण आले. रेड हॅटचा खुला कोड घ्यायचा, त्यातली नावे आणि चिन्हे खरवडून काढायची आणि उरलेले फुकट वाटायचे, हे त्याचे स्वरूप. २००५ मध्ये रेड हॅटच्या वकिलांचे पत्र आल्यावर सेंटओएसच्या लोकांनी आपल्या संकेतस्थळावरून रेड हॅटचे नावच काढून टाकले आणि उत्तर अमेरिकेतील एक नामवंत लिनक्स विक्रेता असा त्याचा उल्लेख करायला सुरुवात केली. कायद्याने इतके करायला हवे होते की नाही याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण कोड आणि नाव यांच्यामधली भिंत किती उंच होती हे त्यावरून कळते. या भिंतीचा दोघांनाही फायदाच झाला : रेड हॅटचे उत्पन्न वाढत राहिले आणि ज्यांना पैसे परवडत नव्हते अशा असंख्य सर्व्हरांना सेंटओएस मिळाले.

मग २०१४ मध्ये रेड हॅटने सेंटओएसला आपल्या छत्राखाली घेतले. मुख्य कार्यकर्त्यांना नोकऱ्या मिळाल्या, पायाभूत सोयी मिळाल्या, आणि त्यासोबत ‘सेंटओएस’ हे नावही रेड हॅटच्या मालकीचे झाले. त्या वेळी अनेकांनी याचे स्वागत केले, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तुटपुंज्या पैशांवर एवढे मोठे वितरण चालवणे सोपे नव्हते. पण डिसेंबर २०२० मध्ये, आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतल्यानंतर सुमारे दीड वर्षाने, एका घोषणेसरशी सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत २०२९ वरून २०२१ च्या अखेरीवर आणली गेली. जगभरच्या सर्व्हर चालवणाऱ्यांची पुढच्या आठ वर्षांची आखणी कोलमडली. कोड तेव्हाही खुलाच होता. मिटवता आले ते नाव, आणि नावासोबत त्यावरचा विश्वास. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक ग्रेगरी कर्ट्झर यांनी लगोलग रॉकी लिनक्स सुरू केले, दुसरीकडे अल्मालिनक्स उभे राहिले, आणि दोघांनीही आपले नाव चालक कंपनीपासून अलग करून वेगळ्या संस्थेकडे ठेवले. २०१४ च्या करारातून काय गेले होते, ते त्यांनी बरोबर ओळखले होते.

ओरॅकलच्या वाट्याला आलेले तीन वाद याच सूत्राने चालतात, म्हणून ते थोडक्यात सांगतो. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनी जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलच्या ताब्यात आली आणि तिच्याबरोबर मायएसक्यूएल, ओपनऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच आणि हडसन हे विकासकांचे साधन, अशी तीन नावेही आली. हडसनचे निर्माते कोहसुके कावागुची आणि त्यांचे सहकारी यांना ओरॅकलने नाव आमचे असल्याचे कळवले. जानेवारी २०११ मध्ये विकासकांनी मतदान घेऊन २१४ विरुद्ध १४ मतांनी ‘जेन्किन्स’ हे नवे नाव घेतले, आणि काही वर्षांत हडसन कोणी विचारेनासे झाले. ओपनऑफिसच्या मंडळींनी सप्टेंबर २०१० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून वेगळी चूल मांडली. मूळ नाव द्या ही त्यांची विनंती ओरॅकलने मानली नाही, आणि तात्पुरते घेतलेले ‘लिब्रेऑफिस’ हेच नाव रूढ झाले. पुढच्या वर्षी ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकले, तोवर विकासक निघून गेले होते. तरीही नाव ओळखीचे म्हणून लोक तेच उतरवून घेत राहिले. २०२० साली द डॉक्युमेंट फाउंडेशनला अपाचेला खुले पत्र लिहून, निदान तुमच्या वापरकर्त्यांना लिब्रेऑफिसचे अस्तित्व सांगा, असे विनवावे लागले. मायएसक्यूएलचे मिकाएल विडेनियस यांची गोष्ट मला सर्वांत खेदाची वाटते. त्यांच्या कंपनीने २००८ मध्ये एक अब्ज डॉलरला ते सनला विकले, ओरॅकल येताना दिसताच त्यांनी युरोपीय आयोगाकडे धाव घेतली, आणि त्याच कोडवरून मारियाडीबी हा फोर्क, म्हणजे वेगळ्या नावाची शाखा, काढला. डेबियनने २०१७ च्या आवृत्तीत मारियाडीबीलाच पहिली पसंती दिली. पण मायएसक्यूएल हे नाव आजही ओरॅकलचे आहे आणि विक्रीखतावर सही झाल्यावर ते परत मागण्याचा कोणताही मार्ग विडेनियस यांच्यापाशी उरलेला नव्हता.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. कंपनी वर्षानुवर्षे पगार देते, दुरुस्त्या करते, दस्तऐवज लिहिते, जाहिरात करते. त्या नावाला किंमत येते ती या कष्टांमुळे. मग मेघसेवा विकणारी महाकाय कंपनी येऊन तोच कोड, त्याच नावाने, भाड्याने देऊ लागली तर मूळ कंपनीने हात बांधून बसावे काय? शाय बॅनन यांच्या इलॅस्टिकची तक्रार हीच होती आणि ती खोटी नव्हती. इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये ॲमेझॉनने ‘ॲमेझॉन इलॅस्टिकसर्च सर्व्हिस’ सुरू केली, आणि ती इलॅस्टिकच्या सहकार्याने आल्याचे चित्र निर्माण झाले. असे सहकार्य नव्हते, असे इलॅस्टिकने पुढे जाहीरपणे सांगितले. २०१९ मध्ये इलॅस्टिकने ट्रेडमार्कचा दावा लावला. तेवढ्यावर न थांबता जानेवारी २०२१ मध्ये तिने परवानाच बदलला, आणि मुक्तस्रोताच्या मान्य निकषांत न बसणारे परवाने घेतले. ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ‘ओपनसर्च’ हा फोर्क काढला आणि आपल्या सेवेचेही तेच नाव ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रेडमार्कचा वाद मिटला.

या घटनाक्रमात कोणत्या हत्याराने काय साधले, ते वेगळे करून पाहायला हवे. नावाची गफलत दूर झाली, कारण ॲमेझॉनला नवे नाव घ्यावे लागले. परवाना बदलून ॲमेझॉनचे उत्पन्न थांबले नाही. उलट इलॅस्टिकला एक सबळ प्रतिस्पर्धी मिळाला आणि ज्या बाहेरच्या विकासकांनी खुल्या परवान्यावर भरवसा ठेवून कोड दिला होता ते दुखावले. ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल हा खुला परवाना पुन्हा देऊ केला, तेव्हा बॅनन यांनी स्वतःच सांगितले की बाजारातला नावाचा गोंधळ आता बराचसा दूर झाला आहे. म्हणजे मूळ दुखणे नावाचे होते हे त्यांनाही मान्य आहे. त्यावर नावाचाच कायदा पुरेसा होता. तीन वर्षे वाटणीचे दार बंद करायची गरज नव्हती. आणि नावाची किंमत एकट्या कंपनीने निर्माण केली हे म्हणणेही मला मान्य करता येत नाही. अशा प्रत्येक प्रकल्पात पगार न घेणाऱ्यांचे श्रम असतात : चुका कळवणारे, प्रश्नांना उत्तरे देणारे, भाषांतर करणारे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत वापरता येतात ते अशाच स्वयंसेवकांमुळे. नाव मोठे होते तेव्हा त्यात त्यांचाही भाग असतो, आणि विक्रीखतात त्यांच्या सहीला जागा नसते.

कोणी म्हणेल, नावाला एवढे महत्त्व असते तर रेडिसचे काय? साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रेडिस या डेटाबेसचे नाव पुढे त्याच नावाच्या कंपनीकडे गेले. मार्च २०२४ मध्ये त्या कंपनीने परवाना आवळला आणि आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या आश्रयाने व्हॅल्की हा फोर्क उभा राहिला. मोठ्या मेघकंपन्या त्याच्यामागे गेल्या. पुढच्या वर्षी रेडिसही एजीपीएलकडे वळले. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या साधनाचा परवाना बदलला तेव्हाही असेच होऊन ओपनटोफू निघाले. हे आक्षेपक बरोबर सांगतात की पुरेसे कुशल हात एकदम उठून गेले तर नव्या नावालाही बळ येते. पण असे उठून जायला मोठ्या कंपन्यांचा पैसा लागतो, पगारी अभियंते लागतात, आणि ते प्रत्येक प्रकल्पाच्या नशिबी नसते. शिवाय व्हॅल्की, ओपनटोफू आणि सप्टेंबर २०२४ पासून ओपनसर्चसुद्धा, तिघांनीही नाव ठेवले ते लिनक्स फाउंडेशनकडे. ज्या ॲमेझॉनने ओपनसर्च काढले, तिनेही ते नाव अखेर सोडून दिले, कारण त्याशिवाय इतर कंपन्या त्यात मनापासून श्रम घालणार नव्हत्या.

मग नाव ना-नफा संस्थेकडे दिले की काम संपले का? वर्डप्रेसचा वाद पाहिल्यावर तसे म्हणता येत नाही. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्यावर चालतात, तो वर्डप्रेस मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये दुसऱ्याच एका जीपीएल प्रकल्पाच्या कोडवरून सुरू केला. मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीने २०१० मध्ये ‘वर्डप्रेस’ हे नाव वर्डप्रेस फाउंडेशनला दिले, आणि आपली अत्यंत मोलाची मालमत्ता कंपनीने देऊन टाकली म्हणून त्याचे कौतुक झाले. पण त्या नावाच्या व्यापारी वापराचा एकमेव परवाना फाउंडेशनकडून ऑटोमॅटिकलाच मिळालेला होता, आणि फाउंडेशन व कंपनी दोन्हींच्या शिरोभागी तीच व्यक्ती होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर हल्ला चढवला. ती कंपनी वर्डप्रेसवर अमाप कमावते आणि परत फारसे काही देत नाही, असा त्यांचा आरोप होता, आणि नावाच्या वापरापोटी एकूण उत्पन्नाच्या ८ टक्के रक्कम किंवा तेवढे श्रम द्यावेत अशी मागणी होती. मागणी फेटाळली गेल्यावर त्या कंपनीच्या ग्राहकांना ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’वरून मिळणाऱ्या अद्ययावत आवृत्त्या रोखण्यात आल्या. ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूपी इंजिन न्यायालयात गेली, आणि १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने तो प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. ट्रेडमार्कचा मूळ प्रश्न त्या आदेशाने सुटलेला नाही.

फुकट मिळालेल्या कोडवर कमावणाऱ्याने परत काही द्यावे, ही मुलेनवेग यांची अपेक्षा मला पूर्णपणे रास्त वाटते. डब्ल्यूपी इंजिनसारख्या मोठ्या कंपन्यांवर तसे नैतिक ऋण आहेच. पण जीपीएलने ते ऋण पैशांत वसूल करण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही, आणि जो हक्क परवान्याने नाकारला तो नावाच्या मागच्या दाराने वसूल करायचा, तोही त्याच धंद्यात असलेल्या एका स्पर्धकाने, यातून त्या नावाची निःपक्षता संपते. ही मागणी फाउंडेशनने केली असती, सगळ्या होस्टिंग कंपन्यांना एकच दर लावला असता, ऑटोमॅटिकलाही तोच लावला असता आणि आलेला पैसा दुरुस्त्या करणाऱ्या स्वयंसेवकांपर्यंत पोचवला असता, तर तिला नाही म्हणणे डब्ल्यूपी इंजिनला फार अवघड गेले असते. तसे करायला फाउंडेशनच्या हाती व्यापारी वापराचा हक्क असायला हवा होता, आणि २०१० मध्ये तोच तिच्या हाती राहिलेला नव्हता.